म्हाळसेचे शेवटचे वाक्य

आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळाने १९२९ साली जिल्ह्याची ढाल जिंकली. ती पितळी ढाल पुढे कित्येक वर्षे सिस्टरांच्या ऑफिसात दाराच्या वर टांगलेली होती. तिच्यावर शाळेचे नाव आहे, साल आहे. जिच्यामुळे ती मिळाली तिचे नाव नाही. तिचे नाव म्हाळसा. तिच्याविषयी कुणी काही लिहून ठेवलेले नाही, म्हणून मी लिहिते आहे.

म्हाळसा शाळेत शिकायला आली नव्हती. तिचे वडील बिरप्पा हे सांगोल्याकडचे धनगर. हिवाळा सरत आला की मेंढरे घेऊन सोलापूरच्या बाजूला येत, आणि आमच्या कॉन्व्हेंटच्या मागच्या शेतात खतासाठी दहा-बारा दिवस कळप बसवत. म्हाळसा सात वर्षांची असताना सामानाच्या घोडीवरून पडली आणि तिचा पाय मोडला. सिस्टरांनी दवाखान्यात पाय बांधला, पण मेंढरांमागे चालणे शक्य नव्हते. बिरप्पा तिला चार महिन्यांसाठी म्हणून ठेवून गेले. परत आले तेव्हा मुलगी भिंतीवरच्या तसबिरीखालची अक्षरे वाचत होती. पाय थोडा आखूड राहिला होता. चार महिन्यांची आठ वर्षे झाली. त्यानंतर बिरप्पांनी कळप बसवल्याबद्दल कॉन्व्हेंटकडून धान्याचा दाणा घेतला नाही. “पोरगी तुमी सांबाळताय, रान आमी सांबाळतो,” असे ते म्हणत.

मी तिच्या वर्गात होते. माझे वडील गिरणीत हेडक्लार्क. म्हाळसा बोर्डिंगात राही, मी घरून येई, पण बाक एकच.

जून १९२८ मध्ये आमच्या मराठीच्या शिक्षिका बाळाबाई यांनी मंडळ सुरू केले. बारा मुली होत्या आणि मी चिटणीस. बाळाबाईंचा एकच नियम होता आणि तो फार कडक होता. विषय निघाला की प्रत्येकीने आपल्याला काय पटते ते कागदावर लिहून द्यायचे. मग बाई तिला नेमकी उलटी बाजू देत. “जे पटतं ते कुणीही बोलेल,” त्या म्हणत. “जे पटत नाही ते पटवून दाखवा, मग मी तुम्हाला वक्त्या म्हणेन.”

पहिलाच सराव होता, ‘मेंढपाळ हा शेतकऱ्याचा शत्रू आहे’ या विषयाचा. म्हाळसेला अर्थातच ‘शत्रू आहे’ ही बाजू मिळाली. ती लंगडत पुढे गेली आणि तिने उभ्या पिकात शिरलेल्या मेंढ्यांचे, वाकवलेल्या बाभळींचे, बांधावरच्या भांडणांचे असे वर्णन केले की आम्ही सगळ्या शेतकरी होऊन बसलो. तिने ते सगळे पाहिले होते, फक्त दुसऱ्या बाजूने.

शिवम्मा म्हणून एक लिंगायत मुलगी होती, तिच्या घरची कुंभारीला शेती. ती म्हणाली, “म्हाळसे, तुझ्या वडिलांना सांगू का गं?”

“सांग की. उद्या तुझ्या ज्वारीत कळप घालतील.”

सगळ्या हसलो. मग म्हाळसाच म्हणाली, “नको हं, खरंच सांगू नकोस. आमच्यात चार माणसांत उभं राहून बोललं की तो शब्द झाला. त्यात कपाळाला भंडारा असला, तर मग देवालाही तो फिरवता येत नाही.”

“भंडारा म्हणजे?”

“हळद गं. देवाची हळद.”

“मग बरं आहे,” शिवम्मा म्हणाली, “बाळाबाई आपल्याला खडूच लावतात.”

हे बोलणे माझ्या त्या दिवशीच्या रोजनिशीत आहे. मी ते गंमत म्हणून लिहून ठेवले होते.

त्या वर्षी आम्ही कुणालाच हरलो नाही. ऑगस्टमध्ये म्युनिसिपालिटीच्या मुलींना हरवले. सप्टेंबरात एका हायस्कुलातल्या मुलांना हरवले. तो विषय होता, ‘आगगाडीने खेड्यांचे नुकसान केले’. पुढच्या रांगेतला एक मुलगा म्हाळसेची चाल पाहून मोठ्याने म्हणाला, “ही तर पॅसेंजर आली!” ती व्यासपीठावर पोचली, त्याच्याकडे बघून म्हणाली, “हो. पण वेळेवर आले. आपली मेल अजून निघाली नाही.” सभा तिथेच आमची झाली. डिसेंबरात बार्शीला जिंकलो. पेपरात दोन ओळी छापून आल्या. सिस्टरांनी आम्हा बारा जणींना केक दिला. अंड्याचा म्हणून निम्म्या मुलींनी खाल्ला नाही, आणि त्यांचा वाटा म्हाळसेने खाल्ला.

या सगळ्या जिंकण्याखाली एक दुसरी गोष्ट चालू होती आणि मंडळातल्या मुलींत ती फक्त मला माहीत होती.

पावसाळ्यात वैरागच्या माळावर मुक्काम असताना म्हाळसेची आई तापाने गेली. माणसे मेंढरांमागे गेली होती. संध्याकाळी परतली तेव्हा ती पालात मेलेली होती आणि रिकामा तांब्या आडवा पडलेला होता. म्हाळसेला हे अकरा दिवसांनी कळले. ती रडली नाही. त्या दिवशी तिने भूगोलाचा नकाशा पुरा केला.

दिवाळीत तिचा चुलता सिदू शाळेत येऊन सांगून गेला की म्हाळसेला स्थळ आले आहे. नवरा बिजवर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मागे दीड वर्षाची मुलगी. पायात खोट असलेल्या मुलीला याहून बरे मिळणार नव्हते, आणि आई गेल्यावर घरात भाकरी थापायलाही कुणी नव्हते. थोरल्या सिस्टरांनी उलट निरोप दिला की मुलीचे एकच वर्ष उरले आहे. तिला सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेला बसू द्या, मग पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जाईल आणि मास्तरीण होईल. बिरप्पांनी कळवले, “सक्रातीची गड्ड्याची जत्रा झाल्यावर कळप घिऊन येतो. तवा बघून सांगतो.”

तेव्हापासून म्हाळसा खंगत गेली. मंडळात बोलताना तेवढी ती जिवंत दिसे. एकदा मधल्या सुट्टीत माझा हात घट्ट धरून म्हणाली, “मथे, घोडीवरून पडले म्हणून मला शाळा मिळाली. आता कशावरून पडू?”

मला शाळेची तिच्याइतकी हौस नव्हती. माझे लग्न ठरल्यासारखेच होते आणि मी त्यात खुशीत होते.

अखेरची सभा शनिवारी, १६ फेब्रुवारीला ठरली, शहरातल्या एका थिएटरात. विषय आला, ‘मुलींना चौथीपुढे शिकवू नये’. प्रत्येक शाळेने दोन वक्ते पाठवायचे होते, एक बाजूने आणि एक विरुद्ध. बाळाबाईंनी नेहमीप्रमाणे कागद घेतले. म्हाळसेने काय लिहिले असेल ते सांगायला नको. मी लिहिले, ‘फार शिकून काय करायचे?’ त्यामुळे शिक्षणाची बाजू मला मिळाली आणि ‘शिकवू नये’ ही म्हाळसेला.

ती लगेच तयारीला लागली. आम्ही वर्षभर बाजू म्हणजे झबल्यासारखी अंगात घालत आणि काढत आलो होतो. त्यात काही धोका आहे असे एकीच्याही मनात आले नाही, आणि माझ्या तर मुळीच नाही. म्हणून मी जे केले ते केले.

शुक्रवारी बिरप्पांचा कळप कुंभारीच्या बाजूला आल्याचे राजाबाईकडून कळले. राजाबाई तिकडून कॉन्व्हेंटला दूध घालायला येई. मी तिला फाटकापाशी गाठले.

“राजाबाई, बिरप्पांना एक निरोप सांगाल? उद्या चार वाजता थिएटरात या म्हणावं. म्हाळसा बोलणार आहे. सगळं शहर तिला ऐकायला येतंय.”

“मी सांगते, पर त्येस्नी आत सोडत्याल का?”

“माझे वडील दारात असतील. आणि म्हाळसेला यातलं काही कळू देऊ नका.”

“बरं बाई. बापाला लई आनंद हुईल बगा.”

मलाही तेच वाटत होते. चारशे माणसे आपल्या मुलीसाठी टाळ्या वाजवताना पाहिली की बिरप्पांच्या तोंडून नाही येणार नाही, असा माझा हिशेब होता. कोणत्या बाजूने बोलल्याबद्दल टाळ्या, हा विचार मला शिवलाही नाही.

मुलींची सभा म्हणून यजमान मंडळींच्या बायकांनी दारात हळदकुंकू ठेवले होते. बोलणाऱ्या प्रत्येकीला ते लावूनच वर सोडत. सिस्टरांना ते फारसे आवडले नाही, पण त्यांनी ते चालू दिले. आम्ही बोटभर लावून घेतले. म्हाळसेने वाटीतली हळद चिमटीत घेतली आणि घरी लावत असेल तशी कपाळभर ओढली. सवयच ती. पिवळे कपाळ घेऊन ती वर चढली.

मी आधी बोलले. मग ती.

तिने आकडे सांगितले नाहीत, शास्त्रेही सांगितली नाहीत. ती म्हणाली, “मी धनगराची मुलगी आहे. मला सिस्टरांनी आठ वर्षे शिकवले. मला गंगा कुठे उगम पावते ते येते. आमच्या घोडीचे नाव काय, ते मी विसरले.” सभा हसली. पुढे ती म्हणाली, “मला आता मेंढीचे दूध काढता येत नाही. माझी बोली माझ्याच माणसांना वाचलेली वाटते. मी घरी गेले की पाहुणी असते आणि इथे आले की पोरकी असते.” आता कुणी हसेना. मग तिने वैरागचा माळ सांगितला. पाल, ताप, आडवा पडलेला तांब्या. “त्या दिवशी मी वर्गात कोरड्या हवेच्या प्रदेशांचा धडा वाचत होते. माझी आई पाणी मागत होती. ते द्यायला घरात एक मुलगी लागते. ती मुलगी शाळेत होती.”

बायका पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. तिने थोडे थांबून, समोर कुणाकडेही न बघता, शेवटचे वाक्य म्हटले. “आबा, मला घरी न्या.”

मग अगदी मागच्या भिंतीपाशी कुणीतरी उठले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पागोटे. बिरप्पांनी हात वर केला आणि ओरडून सांगितले, “व्हय पोरी! नेतो!”

लोकांना वाटले एखादा भोळा श्रोता भारावला. काहींनी टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळे थिएटर वाजू लागले. मी म्हाळसेच्या शेजारी खुर्चीवर होते. तिने मागच्या भिंतीकडे पाहिले, मग हात कपाळाकडे नेला, बोटांना लागलेली हळद पाहिली. पुसली नाही. नुसती पाहत राहिली.

परीक्षकांनी ढाल आम्हाला दिली. बाळाबाई आनंदाने रडत होत्या. ढाल घ्यायला मी एकटी वर गेले, कारण म्हाळसा तोवर खाली वडिलांपाशी जाऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बिरप्पा तिला घेऊन गेले. थोरल्या सिस्टर चर्चमध्ये होत्या. तिने पुस्तके ट्रंकेतच ठेवली.

मंगळवारी टांगा करून थोरल्या सिस्टर, बाळाबाई आणि मी कुंभारीला गेलो. काढलेल्या ज्वारीच्या रानात कळप होता. बिरप्पांनी घोंगडी अंथरली, बसा म्हणाले, दूध दिले. म्हाळसा तीन दगडांच्या चुलीपाशी भाकरी थापत होती. पहिल्या दोन भाकऱ्या फाटल्या होत्या.

बाळाबाईंनी सगळे समजावून सांगितले. मंडळाचा नियम, उलटी बाजू, ढाल. बिरप्पा मान हलवत ऐकत होते. सिदू काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

“म्हंजी तुमी पोरींस्नी खोटं बोलाय शिकवताय?” सिदू म्हणाला.

“खोटं नाही हो. ती तिला दिलेली बाजू होती.”

“बाजू? आमच्या पंचात बी दोन बाजू असत्यात बाई. पर ज्येची त्यो मांडतो. दुसऱ्याची मांडली तर पागोटं काढून घेत्यात.”

“तू गप, सिदू,” बिरप्पा म्हणाले. मग बाळाबाईंकडे वळले. “बाई, मी व्हय म्हनायला आलतो.”

“म्हणजे?”

“म्हंजी, शिकू द्या म्हनायला. आई गेली तिची, म्हनलं आता पोरीचं तरी मनासारकं हुंदे. स्थळाला न्हाय म्हनून निरोप बी धाडनार हुतो. तेवड्यात राजाबाईनं सांगितलं, सबा हाय, या. आलो. पोरगी भंडारा लावून शंबर शंबर मानसांत म्हनली, मला घरी न्या. आता मी काय करू, सांगा.”

थोरल्या सिस्टर मोडक्या मराठीत म्हणाल्या, “तिला विचारा. तिलाच विचारा.”

बिरप्पांना ते पटले. त्यांनी हाक मारली. म्हाळसा पीठ लागलेल्या हातांनी येऊन उभी राहिली.

“म्हाळसे, सरळ सांग पोरी. थितं बोललीस ते खोटं हुतं का? खोटं असंल तर व्हय म्हन. मी बिरोबाच्या म्होरं जाऊन माझं बगून घीन. आत्ता टांग्यात बसवतो तुला.”

तो भला माणूस होता. देवापुढचा दंड स्वतःवर घेऊन त्याने मुलीसमोर दार सताड उघडे ठेवले होते. फक्त ‘व्हय’ म्हणायचे होते. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण, म्हण.

म्हाळसेने माझ्याकडे पाहिले, मग वडिलांकडे.

“न्हाय आबा,” ती म्हणाली. “खरं हुतं.”

ती परत चुलीपाशी गेली. मी तिच्यामागे गेले आणि तिचे दोन्ही खांदे धरले. “वेडी झालीस का? ‘खोटं होतं’ असं का म्हटलं नाहीस?”

“काय खोटं म्हणू मथे? आईचा तांब्या खोटा म्हणू? आबांनी तो तांब्या उचलून ठेवलाय, त्यातून कुणी पाणी पीत नाही.” “सगळं खरं होतं. शेवटचं वाक्य तेवढं खोटं होतं. पण ते एकटं बाहेर काढता येत नाही गं. मी शनिवारपासून बघतेय. येत नाही.”

आम्ही परत आलो. त्या वर्षानंतर बाळाबाईंनी आपला नियम काढून टाकला आणि मंडळाला पुन्हा कधी ढाल मिळाली नाही. निरोप धाडून बिरप्पांना कुणी बोलावले, हे त्यांनी मला विचारले नाही. मीही सांगितले नाही.

म्हाळसेचे लग्न वैशाखात झाले. मग सहा वर्षे काही कळले नाही. माझेही लग्न झाले, दोन मुले झाली.

नोव्हेंबर १९३५ मध्ये मोहोळच्या बाजारात ती मला दिसली. मी चालीवरून ओळखले. घोंगड्यांच्या ढिगापाशी बसली होती. वय बावीस, दिसत होती चाळिशीची. शेजारी आठ वर्षांची एक मुलगी होती, ती सवतीची. मुलगी बाजाराच्या धुळीत काडीने काहीतरी गिरवत होती. मी वाकून पाहिले. अ, आ, इ, असे नीट काढलेले होते.

“तू शिकवलंस?”

“चोरून. मी येवडं शिकवू शकते. म्होरचं शाळंतच पायजे. हुशार हाय मथे, लई हुशार हाय.” ती घाईने बोलत होती, जणू सहा वर्षे साठलेले बोलणे बाजार उठायच्या आत संपवायचे होते. “दाल्ल्याला म्हनलं, हिला मोहोळात शाळंत घाला. माझी मावसबहीण ऱ्हाती हितं. त्यो म्हनला, तूच तर चारशे मानसांत म्हनलीस, शिकवू नये म्हनून.”

“अजून लक्षात आहे त्यांच्या?”

“त्याच्या एकट्याच्या?” ती हसली, पण ते हसू बघवले नाही. “आमच्यात कुणी बी पोरगी शाळंत घालायची म्हनलं, की म्हातारी मानसं माझं भाषन सांगत्यात. गंगा, घोडी, तांब्या, सगळं. पाठ हाय त्येंना. सात पोरी ऱ्हायल्या, मी मोजल्यात. ही आठवी.”

मी तिचा हात धरला. हात घोंगडीसारखा खरखरीत झाला होता.

“मी त्या भाषनाला उत्तर हुडकतीय मथे. सा वर्सं झाली. भाकरी थापताना, लोकर पिंजताना. कुटं बी फट सापडत न्हाय.” मग एकदम तिने मला जवळ ओढले. “तू त्या दिवशी दुसऱ्या बाजूनं बोलली हुतीस न्हवं? काय बोललीस तू? मला काय बी आटवत न्हाय. माझं ध्यान माझ्याच भाषनात हुतं. तुज्याकडं लिवल्यालं असंल. तू तर समदं लिवतीस. मला सांग की, तू काय म्हनली हुतीस?”

मला आठवेना. मी तिला म्हटले, घरी जाऊन बघते आणि पुढच्या बाजाराला लिहून आणते.

त्याच दिवशी मी १९२९ ची वही काढली. १६ फेब्रुवारीची पाने उघडली. म्हाळसेचे भाषण तिथे साडेपाच पाने आहे, शब्दन् शब्द, कुठे थांबली आणि कुठे लोक हसले तेही. त्याच्या वर, माझ्या भाषणाविषयी एकच ओळ आहे: ‘माझेही ठीक झाले.’

मी पुन्हा पुन्हा मागची-पुढची पाने चाळली. टिपणाचा एखादा कागद असेल म्हणून ट्रंक उपसली. काही नव्हते. मग नवीन काही लिहायला बसले, मुलींना का शिकवावे यावर. चार दिवस बसले. जे लिहिले ते सगळे बरोबर होते, आणि तांब्यापुढे त्यातले एक वाक्यही उभे राहत नव्हते.

पुढच्या बाजाराला मी मोहोळला गेले नाही.